डोकं थंड ठेवायला शिकवणारी सहा आठवड्यांची बॅच: जाऊन आले, खरं काय ते सांगते

आधीच सांगते, मी काही मोठी फायटर वगैरे नाही. किकबॉक्सिंग करते, चार वर्षं झाली, अमॅच्युअरमध्ये तीन फाइट खेळलेय, त्यातली एक जिंकली. दोन हरले आणि त्यातली पहिली अशी हरले की अजून आठवली की कान गरम होतात. त्या फाइटमुळेच ही बॅच लावली. नाव देत नाहीये कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती मला नावानिशी करायची नाही, आणि तसंही अशा बॅचेस आता खूप निघाल्यात, कुणी माइंडसेट कॅम्प म्हणतं, कुणी प्रेशर ट्रेनिंग म्हणतं, त्यामुळे लावताना काय बघायचं आणि काय विचारायचं एवढं कळलं तरी या रिव्ह्यूचं काम झालं.

तर ती पहिली फाइट. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक-एक मिनिट ब्रेक. ऐकायला काहीच नाही ना, जिममध्ये मी सलग सहा राउंड स्पारिंग, म्हणजे सरावाची फाइट, करायचे आणि वर गप्पा मारत घरी जायचे. बेल वाजली, समोरचीने एक साधा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, टाकला, नाकाच्या शेंड्यावर लागला, दुखलं पण नाही फारसं, फक्त डोळ्यात पाणी आलं. आणि तिथून पुढे मी श्वासच घेतला नाही. अतिशयोक्ती नाही करत, व्हिडिओ आहे, चाळीसाव्या सेकंदाला माझं तोंड माशासारखं उघडं पडलंय, हात कमरेशी आलेत आणि चार वर्षांत शिकलेल्या कॉम्बिनेशनपैकी एकही बाहेर येत नाहीये, नुसता उजवा हात फिरवतेय गरागरा. कॉर्नरमधून सर ओरडतायत "शांत राहा, शांत राहा", तेही व्हिडिओत ऐकू येतं, तिथे मला नुसता आवाज येत होता, शब्द नाही. ब्रेकमध्ये सरांनी पाच गोष्टी सांगितल्या, मी नंदीबैलासारखी मान डोलावली आणि परत जाऊन तेच केलं.

घरी आल्यावर वाटलं आपला स्टॅमिना कमी पडला. दोन महिने पळत सुटले, दोरीच्या उड्या, टेकडी, सगळं केलं. काही उपयोग झाला नाही, कारण दम कमी नव्हताच, मी श्वास कोंडून धरत होते, मग कितीही पळा, दमछाक होणारच. हे मला बॅचच्या दुसऱ्या सेशनला कळलं आणि एका अर्थी पैसे तिथेच वसूल झाले, पण थांबा, सगळं इतकं गोड नाहीये.

पहिलं सेशन बोअर होतं. म्हणजे अक्षरशः दीड तास स्लाइड. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल, भीती वाटली की शरीरात काय काय होतं, नजर कशी बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. हे उपयोगी आहे, मान्य, कारण मला तोपर्यंत वाटायचं हे फक्त माझंच होतं आणि मीच भित्री आहे. पण तेच वीस मिनिटांत झालं असतं. मग ती उलट्या यू आकाराची रेघ आली, फार थंड असाल तरी खेळ बिघडतो, फार तापलात तरी बिघडतो, मधे कुठेतरी बेस्ट. कल्पना बरोबरच आहे, फक्त तिचा उगम 1908 सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगात आहे आणि तो प्रयोग उंदरांवरचा होता हे कुणीच सांगितलं नाही, मी आधी वाचलं होतं म्हणून मला हसू आलं. त्याहून वाईट म्हणजे तो हार्ट रेटचा चार्ट, म्हणजे ठोके इतक्यावर गेले की बारीक हालचाल जमत नाही, आणखी इतक्यावर गेले की विचारच बंद, असा आकडे घालून रंगवलेला. आमच्यात एक बॉक्सर होता, त्याने हात वर करून विचारलं की सर मी पॅडवर रोज एकशे ऐंशीला असतो आणि मला सगळं सुचत असतं, मग? उत्तर काही धड मिळालं नाही. खरं उत्तर सोपं आहे, पळून किंवा पॅड मारून वाढलेले ठोके आणि घाबरून वाढलेले ठोके सारखे नसतात, आकडा एकच दिसला तरी. असे चार्ट दाखवून भारी वाटतं लोकांना, पण ज्याला छातीवर पट्टा लावून स्वतःचा आकडा बघायची सवय आहे तो बिचारा उगाच घाबरतो की अरे माझा तर गेला वर, आता मी संपलो.

आता चांगलं.

बॅचमध्ये आम्ही चौदा जण होतो. बॉक्सिंगवाले, आम्ही तीन किकबॉक्सर, चार-पाच एमएमएवाले (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), दोन ज्युदोची पोरं आणि एक पैलवान, जो पहिले दोन आठवडे कोणाशी बोललाच नाही. ही खिचडी मला आवडली कारण प्रत्येक खेळात दबावाची वेळ वेगळी येते. आमच्यात कॉर्नरला जायला मिळतं, कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांमध्ये तीस सेकंद, ज्युदोत चार मिनिटं सलग आणि बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे आता जो चुकला तो गेला, आणि घड्याळाला शेवटच नाही. ज्युदोतला मुलगा म्हणाला की त्याला गोल्डन स्कोअरमध्ये पोटात खड्डा पडतो, आणि त्याचा एकच उपाय आहे, रेफ्रीने मात्ते, म्हणजे थांबा, म्हटलं की तो सुटलेला गी, म्हणजे ज्युदोचा जाड कोट, सावकाश बेल्टमध्ये खोचत आपल्या जागी परत येतो. गी नीट करणं हे निमित्त. खरं तो त्या सहा-सात सेकंदांत परत माणसात येत असतो. पैलवान ते ऐकून पहिल्यांदा बोलला, "मी पण मॅटच्या मधे परत येताना चालत येतो, पळत नाही."

या एका गप्पेवर मुख्य कोचनी पुढचे तीन सेशन काढले आणि माझ्या मते तेच या बॅचचं सोनं आहे. त्यांचं म्हणणं असं, आणि मला ते शंभर टक्के पटलंय, की "शांत राहा" ही सूचनाच निकामी आहे. कोणी सांगितलं म्हणून कोणी शांत होत नाही, उलट अजून वैतागतो. मार बसल्यावर माणसाला करायला काहीतरी छोटं काम लागतं, हाताला, श्वासाला, नजरेला, असं काम की जे डोकं गेलेलं असतानाही जमेल. तेवढं काम झालं की पुढचं काम दिसतं. मग शांतपणा आला तर आला, नाही आला तरी हात वर असतात.

तर प्रत्येकाने आपलं आपलं काम ठरवायचं. तीन तुकडे, श्वास, नजर, शब्द. श्वास म्हणजे आधी बाहेर सोडायचा. आत घ्यायचा नाही, बाहेर. ही गोष्ट इतकी उलटी वाटते ना, घाबरलं की आपण हवा ओढतो आणि वर धरून ठेवतो, छाती फुगलेली, खांदे कानाला लागलेले. लांब श्वास सोडला की ठोके थोडे उतरतात आणि खांदे आपोआप खाली येतात. शिवाय पंच टाकताना जो श्श् आवाज काढायला सगळे कोच शिकवतात तो नुसता स्टाइल म्हणून नसतो, तो आवाज निघतोय म्हणजे श्वास चालू आहे. आता माझं ऐका, स्पारिंगमध्ये पार्टनरचा श्श् बंद झाला की समजा तो गडबडलाय, मी हे आता दुसऱ्यांवर पण वापरते. मार खाताना सुद्धा तेच, पोटावर किक येतेय दिसली की सोडायचा, पोट आपोआप कडक होतं.

नजर म्हणजे समोरच्याच्या ग्लोव्हजकडे नाही, डोळ्यांकडे नाही, गळ्याच्या खाली छातीच्या वरच्या भागावर. तिथून दोन्ही खांदे दिसतात आणि कडेने कंबर पण कळते, किक निघायच्या आधी कंबर हलतेच. हे सगळ्यांना माहीत असतं पण दबावात नजर पहिली कुठे जाते तर ज्या हाताने आत्ता लागलं त्या हाताकडे, आणि मग दुसरा हात लागतो.

शब्द ज्याचा त्याचा. माझा "बघ". बस. एकाचा होता "पाय", कारण तो दबावात जागच्या जागी खिळतो. पैलवानाने सांगितला नाही, म्हणाला सांगितला तर जाईल. आणि स्वतःला अरे-तुरे करून बोलायचं, म्हणजे "मी काय करू" असं न म्हणता "तू बघ", दुसरं कोणी सांगतंय असं. मला आधी खुळचट वाटलं, पण खरंच फरक पडतो, "मी" म्हटलं की लगेच मागून रडगाणं सुरू होतं, मी थकले, मी हरणार, मला का लागतंय.

एक गोष्ट कोचनी अगदी ठासून सांगितली, की शब्द टेक्निकचा नको. "कोपर आत", "टाच वर" असले शब्द नकोत. त्यांनी विचारलं, जिना उतरताना प्रत्येक पायरीला कुठला पाय कसा ठेवतोय याचा विचार केलास तर काय होईल? अडखळशील. चार वर्षं घोटून घोटून जो जॅब हातात बसलाय तो तू फाइटच्या मध्यात डोक्याने चालवायला गेलीस की मोडणार. चोकिंग, म्हणजे ऐन वेळी हातपाय गळणं, म्हणतात ते बऱ्याचदा हेच, येत नाही म्हणून नाही, येत असलेल्या गोष्टीत नको तेव्हा नाक खुपसलं म्हणून. माझ्या जुन्या सरांचे ब्रेकमधले ते पाच मुद्दे मला तेव्हा आठवले. सगळे टेक्निकचे होते बिचारे.

मग ड्रिल. हा भाग धमाल आणि छळ दोन्ही. राउंड सुरू होतानाच सांगायचे, तू दोन पॉइंटने मागे आहेस आणि पंचेचाळीस सेकंद राहिलेत, जा. आम्ही याला उधारीचा राउंड म्हणायचो. किंवा बेल मुद्दाम चुकवायचे, दोन मिनिटांचा राउंड कधी एक-चाळीसला संपायचा कधी अडीच मिनिटं चालायचा, त्यामुळे "आता दहाच सेकंद राहिलेत, ढकलू कसंतरी" हा माझा आवडता आधारच काढून घेतला. मोठ्या स्पीकरवर गर्दीचा आवाज. समोरचा मुद्दाम पायावर पाय देणार. हेडगार्ड एका डोळ्यावर सरकला तरी राउंड चालू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाकडा रेफ्री, ज्याला सांगितलेलं असायचं की हिला विनाकारण वॉर्निंग दे.

मला वाटायचं मी फार समजूतदार आहे. तिसऱ्या आठवड्यात त्या वाकड्या रेफ्रीने मला होल्डिंगची वॉर्निंग दिली, मी धरलंच नव्हतं, उलट समोरचीने माझा हात काखेत दाबून धरलेला, आणि मी मान वळवून "मी कुठे..." एवढं म्हणेपर्यंत फाडकन उजवा हात आला. त्याने फाइट थांबवली नव्हती, नुसती तोंडी वॉर्निंग होती, म्हणजे चूक शंभर टक्के माझी. राउंड संपल्यावर कोच काही बोलले नाहीत, मोबाइलवर तेवढेच पाच सेकंद परत परत लावले, माझी मान वळतेय, हात खाली येतायत, फाडकन. मान वळतेय, हात खाली, फाडकन. सहाव्यांदा मीच हसले.

अन्यायाचा राग हा भीतीपेक्षा बेक्कार असतो, हे मला इथे नव्याने कळलं. भीती वाटली की निदान आपल्याला कळतं भीती वाटतेय. राग आला की वाटतं आपलंच बरोबर आहे. टायसनचं 1997 चं होलीफिल्डबरोबरचं प्रकरण सगळ्यांना फक्त कान चावला म्हणून माहीत आहे, पण त्याच्या आधी दुसऱ्या राउंडला डोक्याची टक्कर होऊन त्याच्या डोळ्याच्या वर फाटलं होतं आणि तो मुद्दाम केलंय म्हणून धुमसत होता. तिसऱ्या राउंडला चावला, पॉइंट कापले, परत चावला, डिस्क्वालिफाय. कदाचित त्याची तक्रार खरी असेलही, कोण जाणे, पण मॅच गेली. 2008 च्या बीजिंगला क्यूबाच्या आंजेल मातोसने तायक्वांदोत रेफ्रीलाच तोंडावर किक मारली, दुखापतीचा वेळ संपला म्हणून हरला असं जाहीर केल्यावर. आयुष्यभराची बंदी. तो सिडनीचा गोल्ड मेडलिस्ट होता, नवखा नव्हता. अनुभवाने डोकं थंड होतं म्हणणाऱ्यांना मी आता हे उदाहरण देते.

व्हिडिओची सेशन पण चांगली होती, एक अट होती की आवाज बंद ठेवून बघायचं आणि फटका मारणाऱ्याकडे नाही, मार खाणाऱ्याकडे बघायचं. हेवीवेट बॉक्सर फ्युरी आणि वाइल्डर, डिसेंबर 2018, बारावा राउंड. सगळे वाइल्डरचा फटका बघतात, आम्ही फ्युरी पाठीवर पडल्यापासून नऊच्या काउंटला उभा राहीपर्यंत बघितलं, आणि नंतर तो काय करतो ते. पळत नाही, रागाने तुटूनही पडत नाही, सावरतो आणि राउंड संपायच्या आत परत पुढे जाऊन मारायला लागतो. मॅच ड्रॉ झाली. मग विनेशची पॅरिस ऑलिम्पिकची जपानच्या सुसाकीबरोबरची कुस्ती, 6 ऑगस्ट 2024. सुसाकी तोपर्यंत परदेशी पैलवानाकडून एकदाही हरलेली नव्हती. विनेश 0-2 ने मागे, आणि ते दोन्ही पॉइंट पॅसिव्हिटीचे, म्हणजे विनेश आक्रमण करत नाही म्हणून दिलेले, सुसाकीने तिला पाडून मिळवलेले नाहीत. शेवटच्या काही सेकंदांत टेकडाउन, म्हणजे खाली पाडलं, त्याचे दोन, समोरच्यांचं चॅलेंज फेल, त्याचा एक, 3-2. आमच्यातला एक जण म्हणाला ही रिस्क आहे, आधी का नाही मारला डाव. तर आमचा न बोलणारा पैलवान उठून स्क्रीनजवळ गेला आणि बोटाने दाखवायला लागला, की बघ ती साडेपाच मिनिटं काय करतेय, काहीच देत नाहीये, पाय देत नाहीये, हात देत नाहीये, स्कोअर बोर्डवर मागे आहे पण खेळ तिच्या हिशोबाने चाललाय. मागे असणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने त्याच्या भाषेत जे सांगितलं ना, कोणत्याच स्लाइडमध्ये नव्हतं. साक्षीची रिओची 2016 ची ब्राँझची मॅच पण तशीच, 0-5 वरून 8-5. ती बघताना त्याचे डोळे भरून आले आणि आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

कॉर्नरचं सेशन. मला विचाराल तर फक्त यासाठी सुद्धा बॅच लावा. साठ सेकंदांचा ब्रेक असतो, त्यातले स्टूलपर्यंत यायचे आणि परत उभं राहायचे सेकंद वजा केले तर चाळीस-पंचेचाळीस उरतात. आमच्याकडे काय होतं, बसल्या बसल्या कोच सुरू, मागून दुसरा पाणी तोंडात ओततोय, तिसरा मित्र जाळीबाहेरून ओरडतोय. इथे नियम, पहिले पंधरा-वीस सेकंद कोणी काही बोलायचं नाही. माऊथगार्ड काढायचा, फायटरने फक्त लांब श्वास सोडायचे, नाकाने दोनदा घे, तोंडाने लांब सोड. मग पाणी. मग कोचने एकच गोष्ट सांगायची, एक, आणि ती "करू नको" अशी नाही, "कर" अशी. "हात खाली घेऊ नको" नाही, "जॅबनंतर उजवीकडे सरक". आणि ती फायटरने परत म्हणून दाखवायची. म्हणता आली नाही तर ऐकलीच नाही असं धरायचं. आम्हाला एकमेकांचे कॉर्नर करायला लावले आणि तेव्हा कळलं की गप्प बसणं किती अवघड असतं, माझ्या तोंडातून चौथ्या सेकंदाला काहीतरी निघालंच.

त्यांनी आधी बॉक्स ब्रीदिंग पण शिकवलं होतं, चार मोजून आत, चार धरून, चार बाहेर, चार धरून. ते फाइटच्या आदल्या रात्री किंवा वॉर्मअपच्या आधी ठीक आहे. ब्रेकमध्ये हे करायला सांगणाऱ्याने स्वतः कधी राउंड केलेला नसावा, छाती भात्यासारखी चाललेली असताना श्वास धरून ठेवायला सांगणं म्हणजे बुडणाऱ्याचं डोकं अजून पाण्यात दाबणं. मुख्य कोचनी नंतर हे मान्य केलं, पण त्यांच्या छापील शेड्यूलमध्ये अजून ते तसंच आहे.

आता तक्रार, आणि ही छोटी नाही.

चौथ्या आठवड्यात शार्क टँक होता, म्हणजे तुम्ही मध्ये आणि दर मिनिटाला समोर ताजा माणूस. चौथ्या माणसाचा हुक कानशिलावर बसला. पडले नाही. पण पाय कापसासारखे झाले आणि शेजारी उभा असलेला माणूस बोलतोय ते खोलीच्या पलीकडून आल्यासारखं वाटायला लागलं. मी हात वर केला आणि म्हणाले, चक्कर येतेय. तर तिथे असलेला असिस्टंट म्हणाला, "मनाचे खेळ आहेत हे, हाच तर टेस्ट आहे, अजून दोन मिनिटं." आणि मी, इथे मला स्वतःचाच राग येतो, मी अर्धा मिनिट अजून खेळले. कारण महिनाभर हेच शिकत होते ना, की शरीर ओरडेल, तू तुझं काम कर. मग कुठून तरी डोक्यात आलं की हे दमणं नाहीये, हे वेगळं आहे, आणि हेडगार्ड काढून मी सरळ भिंतीला टेकून खाली बसले. पुढचे दोन दिवस उजेड सहन होत नव्हता. डॉक्टर म्हणाल्या कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय, पूर्ण विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने परत, आणि त्या सांगेपर्यंत काँटॅक्ट बंद.

डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, धूसर दिसणं, गोंधळ यातलं काहीही झालं की त्या दिवसापुरतं संपलं, एवढी एक गोष्ट अशा बॅचमधल्या प्रत्येक माणसाला झोपेत उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजे. हेडगार्ड होता की, असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. हेडगार्डने फाटणं-सुजणं वाचतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच, मोठ्या पुरुषांच्या अमॅच्युअर बॉक्सिंगमधून तर 2013 पासून हेडगार्ड काढूनच टाकलेत आणि रिओ ऑलिम्पिकला पुरुष त्याशिवायच खेळले. आणि थकवा, भीती, राग यांच्यातून जाऊन दाखवणं आणि डोक्याच्या दुखापतीतून जाऊन दाखवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, जी बॅच हा फरक पहिल्या दिवशी सांगत नाही तिच्या दारातून परत फिरा. मुख्य कोच त्या दिवशी नव्हते. नंतर फोन करून माफी मागितली, शार्क टँकमध्ये डोक्यावर मारायचं बंद केलं, असिस्टंटला कॉर्नरवरून काढून टायमरवर बसवला. बरं केलं. पण चक्कर मला येऊन गेल्यावर केलं.

त्यामुळे सहाव्या आठवड्यातली फाइट माझी हुकली. ती ते दुसऱ्या क्लबबरोबर ठेवतात, लोक बोलावतात, खरा रेफ्री, खरे जज, कारण ड्रिल कितीही भारी असलं तरी आतून माहीत असतं की यात काही जाणार नाहीये. मला त्यांनी वरचे पैसे न घेता पुढच्या बॅचच्या फाइटला उभं केलं, साधारण अडीच महिन्यांनी, आणि डॉक्टरांचं लेटर आणल्याशिवाय नाव लिहिलं नाही. हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

ती फाइट. बेल व्हायच्या आधी तोच पोटातला गोळा, तोच कोरडा घसा, काडीचाही फरक नाही, ज्यांना वाटतं असल्या बॅचने भीती जाते त्यांनी पैसे वाचवावेत. पहिला राउंड बरा गेला. दुसऱ्यात मी लो किक टाकायला गेले आणि तिने फिरून बॅक किक दिली, टाच सरळ पोटाच्या मधोमध. हवा गेली. श्वास आत येईना, म्हणजे दार बंद झाल्यासारखं. वाकले, रेफ्रीने मधे येऊन काउंट सुरू केला. स्टँडिंग आठ काउंट, म्हणजे उभ्या उभ्याच आठपर्यंत मोजतात. पहिल्या फाइटमधली मी असते तर त्या आठ सेकंदांत आयुष्यभराचा हिशोब मांडला असता. या वेळी डोक्यात एवढंच आलं की बाहेर सोड. सोडायला काही नव्हतंच आत, तरी सोडलं, बारीकसं, आणि मग चारला की पाचला कुठूनतरी थोडी हवा आत आली. ग्लोव्हज एकमेकांवर दोनदा आपटले. बघ. रेफ्रीच्या शर्टाला वरून दुसरं बटण नव्हतं, हे मला दिसलं, अजून आठवतंय. आठला हात वर होते. "फाइट?" त्याने विचारलं, मी म्हणाले हो, आणि आवाज माझाच होता.

ब्रेकमध्ये माझ्या कॉर्नरला पैलवान होता, स्वतःहून आला होता. वीस सेकंद खरंच काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती फिरायच्या आधी डावा पाय आत टाकते." मी परत म्हणून दाखवलं. तिसऱ्या राउंडला तिने दोनदा डावा पाय आत टाकला आणि दोन्ही वेळा मी तिथे नव्हते.

हरले, दोन विरुद्ध एक जजने. पण तीनही राउंड मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतात, व्हिडिओ न बघता.

कोणी लावावी? ज्याला जिममध्ये सगळं येतं आणि बाहेर काहीच येत नाही त्याने नक्की. ज्याचं बेसिक अजून कच्चं आहे त्याने नको, दबावात बाहेर यायला आधी आत काहीतरी बसलेलं लागतं, निदान वर्षभर नियमित स्पारिंग झालेलं असू दे. ज्यांना मोटिव्हेशन हवंय त्यांनी तर अजिबात नको, इथे टाळ्या नाहीत. लावायच्या आधी दोन प्रश्न विचारा, डोक्याला लागलं तर काय करता, आणि कठीण स्पारिंग आठवड्यातून किती वेळा. दुसऱ्याचं उत्तर "रोज" आलं तर पुढे बोलूच नका. आठवड्याला तीन सेशन असतात, त्यातलं जोरात स्पारिंग एकदाच असलेलं बरं, इथे दोनदा होतं, ते मला जास्त वाटलं.

माझ्याकडून पाचात साडेतीन. असिस्टंटचं प्रकरण नसतं तर साडेचार दिले असते, आणि स्लाइड नसत्या तर त्याहून वर.

हो, जाणार असाल तर छातीचा हार्ट रेटचा पट्टा स्वतःचा न्या, त्यांचे घामाने खाली घसरतात आणि अर्धा वेळ तो वर ओढण्यात जातो. आणि माऊथगार्ड दोन ठेवा. माझा पहिला डाव्या दाढेखाली पार चावून गेलाय, तिसऱ्या आठवड्यापर्यंतच. त्यानंतरच्यावर मात्र नुसत्या खुणा आहेत.